आक्षेप आणि पूर्तता

नानांच्या फोटोला 'छान' म्हणायचं नाही, हे आमच्या सोसायटीत नवीन बिऱ्हाड आलं की पाण्याच्या वेळांबरोबरच सांगून ठेवावं लागतं. 'छान' म्हटलं की नानांचा चेहरा पडतो. "ते राहू दे. चुकलंय काय, ते बोल."

नाना एका सहकारी बँकेत चौतीस वर्षं होते, त्यातली शेवटची अकरा ऑडिटला. निवृत्त झाल्यावर फंडातून त्यांनी कॅमेरा आणि तोफेसारखी लेन्स घेतली. खातं बदललं, खोड तीच राहिली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पक्ष्यांचे फोटो काढणारी दहा-बारा मंडळी एका दंतवैद्याच्या हॉलमध्ये जमतात, भिंतीवर फोटो लावतात आणि एकमेकांची पिसं काढतात. बाकीचे तिथे कौतुकाच्या आशेने जातात. नाना दोनशे पानी वही घेऊन जातात. वहीत रकाने दोनच: 'आक्षेप' आणि 'पूर्तता'. आक्षेपाखाली घेणाऱ्याचं नाव.

पुण्याहून शंभरेक किलोमीटरवर भिगवणला, उजनी धरणाच्या फुगवट्यावर, हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. सगळ्या पुणेरी लेन्स त्यांच्यावर रोखलेल्या असतात. नानांनी मात्र राखी बगळा धरला. कारण विचारलं तर म्हणाले, "हलत नाही." खरंच आहे. पाण्यातल्या खुंटावर तो असा उभा असतो, जणू पेन्शनच्या रांगेत आपला नंबर येणार नाही हे त्याला कळून चुकलंय.

पहिल्या फोटोवर आक्षेप आला: "बरोब्बर मध्ये ठेवलाय. पासपोर्ट काढायचाय का त्याचा? बघतोय त्या बाजूला जागा सोडा." नाना पुढच्या आठवड्यात पुन्हा भिगवणला. जागा सोडली. मग कोणी म्हणालं, "वरून काढलाय, म्हणून बिचारा बुटका दिसतो. त्याच्या डोळ्याच्या पातळीवर या." त्रेसष्टाव्या वर्षी नाना होडीच्या तळाशी पालथे झोपले आणि लेन्स काठावर टेकवली. फोटो निघाला, पण नाना निघेनात. नावाड्याने आणि त्याच्या मेव्हण्याने त्यांना उचललं. नंतरचे चार दिवस नानी कमरेला तेल चोळत होत्या आणि नाना वहीत लिहीत होते: 'पूर्तता केली.'

त्यानंतर मानेवरचा पांढरा रंग उडाला. मागे गडद पाणी, पुढे पांढरी मान. कॅमेऱ्याला वाटतं सगळंच अंधारात आहे, आणि तो उजेड वाढवून ठेवतो. तिथे एक्स्पोजर मायनसमध्ये न्यायचं असतं. तेही नाना शिकले. पुढे डोळ्यात चमक नाही म्हणून पहाटे चारला निघू लागले, कारण कोवळं ऊन समोरून पडलं तरच पिवळ्या डोळ्यात ठिणगी दिसते. मागची काठी बगळ्याच्या डोक्यातून उगवल्यासारखी दिसते म्हटल्यावर होडी दोन हात डावीकडे घ्यायला लावली. घरी आल्यावर दर वेळी नानी फोटो बघून एकच विचारत: "अहो, हा मागच्या महिन्यातलाच ना?"

हळूहळू हा रोग माणसांत पसरला. भाचीसाठी आलेल्या मुलाचा फोटो हातात घेऊन नाना म्हणाले, "मान पाच अंश आपल्याकडे वळायला हवी होती." एका तेराव्याला हार घातलेल्या तसबिरीसमोर हात जोडून बराच वेळ उभे राहिले. आम्हाला वाटलं गहिवरले. बाहेर येऊन पुटपुटले, "कपाळ जळलंय. मायनस करायला हवं होतं."

शेवटी दंतवैद्याने नाडी धरली. "नाना, सगळं झालं. पण तुमचा बगळा जिवंत आहे हे कशावरून? उडताना दाखवा." आता आली पंचाईत. १/२००० चा शटर लावून नाना तासन् तास बसत. बगळा ढिम्म. नाना चष्मा पुसायला गेले की तो उडे. वर्षअखेर बगळ्याच्या पार्श्वभागाचे एकशे बारा फोटो जमले. शेजारच्या होडीतले हौशी टाळ्या वाजवून थवे उडवत. नानांना ते मंजूर नव्हतं. "दबाव आणून घेतलेली सही चालत नाही," म्हणत.

हे सगळं तिथल्याच कुंभारगावचा तो नावाडी निमूट बघत होता. त्याच्या बापजाद्यांनी कॅमेरा पाहिला नव्हता, पण बगळे पाहिले होते. एक दिवस विडी विझवून तो म्हणाला, "काका, त्यो आधी हलका हुतो, मंग उडतो. शिटला की दाबा."

नाना डोळा लावून बसले. अर्ध्या तासाने बगळ्याने मान आखडली, पांढरी धार सोडली. नानांनी दाबलं.

रविवारी भिंतीवर तो फोटो आला तेव्हा हॉल गप्प झाला. उघडलेले पंख, डोळ्यात ठिणगी, पायांतून निथळणारं पाणी. आणि मागे, खाली, ती पांढरी धार. दंतवैद्य म्हणाले, "वा! फक्त तेवढी शीट पुसून टाका. संगणकावर दोन मिनिटांचं काम."

नाना उठले. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी आक्षेप बसून ऐकला नाही. "झालेला व्यवहार आहे, डॉक्टर. खोडता यायचा नाही."

मी नंतर वही चाळली. 'आक्षेप: शीट काढणे. पूर्तता: अमान्य.' खाली तारीख, सही. मला वाटलं, खातं बंद झालं. पण पान उलटलं तर पुढचा आक्षेप तयार होता: 'डाव्या पंखाचं शेवटचं पीस चौकटीबाहेर गेलं आहे.' घेणाऱ्याच्या नावापुढे लिहिलं होतं, 'स्वतः'.

पूर्ततेचा रकाना कोरा होता. होडी शनिवारची ठरली होती.