पाच-नऊ, पण नाव पुन्हा सांगा

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पहाटे घाटघरला उतरलो, तेव्हा वारा असा होता की कानटोपीतले कानही उघड्यावर असल्यासारखे वाटत होते. वर आभाळ भरून आलेलं. येताना नारायणगावाकडे द्राक्षबागांत शेकोट्या धुमसताना दिसल्या होत्या. तिथं माणसं थंडीपासून घड वाचवत होती आणि मी तीच थंडी खायला जीवधनावर निघालो होतो. पाठीवर पाच वॉटचा वायरलेस सेट, बॅटरी, वीस मीटर तार आणि ती टांगायला गळ टाकायची लांब काठी.

चुलीपाशी बसलेल्या आजोबांनी काठीकडे पाहिलं. "गडावर मासं धरता?"

"नाही आजोबा, रेडिओ आहे. वरून लोकांशी बोलायचंय."

"मोबाइलला रेंज नाय का?"

"आहे की."

आजोबांनी पुढे काही न विचारता चहा दिला.

हॅम रेडिओचा छंद समजावून सांगणं मुळातच अवघड. सरकारी परीक्षा द्यायची, परवाना मिळवायचा, 'व्हीयू'ने सुरू होणारं नाव घ्यायचं. आणि मग धंदा, राजकारण, धर्म यांवर बोलायचं नाही. मराठी माणसाकडून एवढं काढून घेतल्यावर उरते ती हवा. म्हणून आम्ही हवेतून हवेबद्दल बोलतो. २००२ साली ब्रिटनमध्ये डोंगरमाथ्यावरून असं बोलण्याला गुण द्यायची टूम निघाली. चार जणांशी बोललात की माथ्याचे गुण तुमचे. काही देशांत तर हिवाळ्याचे जादा गुण मिळतात. आमच्या घरी हिवाळ्याचे कापतात.

ओल्या कातळपायऱ्या चढून वर पोचलो आणि भुरभुर सुरू झाली. सेट घेऊन धान्यकोठारात शिरलो. १८१८च्या लढाईत हे कोठार जळालं म्हणतात. पायाखाली राख अजून आहे. तार बाहेर, मी आत. थेंब तारेवर पडले की कानात फुटाणे फुटायचे. बोटं इतकी गारठली होती की सेटचं बटण फिरतंय की बोट, तेच कळेना.

आंबेगाव तालुक्यातला एक मित्र मंचरला सेट लावून बसला होता. अंतर चाळीसेक किलोमीटर. अर्धा तास हाका मारल्या, काही नाही. बंगळूरुचा एक अनोळखी गृहस्थ मात्र पहिल्याच हाकेला हजर! माझ्या सेटच्या सात मेगाहर्ट्झच्या लहरी वर आयनांबरावर आपटून खाली येतात, आणि हिवाळ्यातल्या पहाटे त्या शेजारचा मुलूख ओलांडून थेट लांब उतरतात. लग्नाच्या पत्रिकाही आमच्याकडे अशाच जातात.

"तुमचा आवाज पाच-नऊ," गृहस्थ म्हणाले. म्हणजे पूर्ण स्पष्ट आणि दणदणीत. लगेच पुढे, "नाव पुन्हा सांगाल का?" मी तीनदा सांगितलं आणि त्यांनाही पाच-नऊच दिले. या छंदात कुणाला कमी गुण देणं शिष्टाचाराला धरून नाही.

खरं तर या लहरींना डोंगर लागतच नाही. घरच्या गच्चीवरूनही त्या तशाच वर जातात. उंचीचा खरा फायदा १४५ मेगाहर्ट्झच्या हातातल्या सेटला, आणि तो मी मुद्दाम घरी ठेवतो. जीवधनाच्याच जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे: ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, आकाशगंगांची कुजबुज ऐकत बसलेल्या. त्यांचा एक कान १२० ते २५० मेगाहर्ट्झवर असतो. कुणी इतकं कान देऊन ऐकत असताना शेजारी जाऊन ओरडू नये.

शास्त्रज्ञ गोविंद स्वरूपांनी दुर्बिणीसाठी ही जागा निवडली, त्यामागे शहरी गोंगाटापासूनचं अंतर होतं. माझंही तेच. घरी एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर मिळून कानात मिक्सर चालवतात. गडावर पाऊस थांबला, की खरखर एकदम बसते आणि तळाशी कुणीतरी अगदी हलक्या आवाजात आपलं नाव सांगत असतं. एवढं वजन घेऊन चढतो ते बोलायला, असं मी सगळ्यांना सांगतो. चढतो ते ऐकायला.

दुपारी भिजून खाली आलो. आजोबा चुलीपाशीच होते.

"झालं बोलणं?"

"झालं. बंगळूरुला."

"काय म्हनले?"

"तिकडंही थंडी आहे."

आजोबांनी चुलीत एक लाकूड सारलं. "मग बरं झालं विचारलं," ते म्हणाले.