सुवर्ण मोरी

आमच्या नायगावात आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरवायचा, असा ठराव गेल्या रविवारी चाळीच्या मंडळाने आवाजी मतदानाने मंजूर केला. आवाज तसा एकाचाच होता. तिसऱ्या मजल्यावरचा पोरगा नोव्हेंबरात गोव्याच्या महोत्सवाला जाऊन आला, तेव्हापासून तिथलं ओळखपत्र त्याच्या गळ्यात आहे. दूध आणायला खाली उतरतानाही ते घालूनच उतरतो. ९ दिवसांत ३१ चित्रपट पाहिले म्हणतो. 'समुद्र पाहिलास का रे?' असं आईने विचारलं, तर म्हणाला, 'एका इराणी चित्रपटात होता.'

चित्रपट दाखवण्याची परंपरा आमच्याकडे जुनीच. सत्यनारायणाच्या पूजेच्या रात्री मैदानात दोन बांबूंवर पडदा ताणायचा, प्रोजेक्टर भाड्याने आणायचा आणि रीळ तुटलं की शिट्ट्या मारायच्या. जागा पुरत नसे, म्हणून अर्धी चाळ पडद्याच्या मागे बसायची. मागच्यांना श्रेयनामावली उलटी दिसे. पण वाचत कोण होतं! अमिताभ बच्चन डावखुरा आहे, हे मात्र त्या मंडळींना फार वर्षांनी कळलं.

ठराव झाल्यावर 'आंतरराष्ट्रीय' म्हणजे किती देश, यावर पाऊण तास गेला. सचिव म्हणाले, किमान दोन. खजिनदारांची मुलगी न्यू जर्सीला असते, ती बर्फ पडतानाची क्लिप पाठवणार आहे, तो एक देश धरला. कुणाचा तरी भाचा दुबईला आहे, तो दुसरा. परदेशी परीक्षकाचा विषय निघाला तेव्हा सगळे गंभीर झाले. आमच्या दादरजवळच्या नायगावाला स्टेशन नाही. ज्या नायगावाला आहे ते पश्चिम रेल्वेवर, वसईच्या अलीकडे. त्या स्टेशनाने आजवर आमचे असंख्य पाहुणे, एकदा मुलीकडची अख्खी मंडळी आणि किती तरी पार्सलं गिळली आहेत. एखादा फ्रेंच दिग्दर्शक तिथे उतरला, तर मिठागरं पाहून त्यावरच चित्रपट काढेल आणि आमच्या स्पर्धेत दाखल करेल. परीक्षक स्थानिकच ठेवायचे ठरलं.

मग पुरस्कार. पोराने यादीच वाचली. व्हेनिसला सिंह, बर्लिनला अस्वल, लोकार्नोला बिबट्या. कानला पान, तेही ताडाचं. गोव्याला मोर. मुंबईत १९९०पासून भरणाऱ्या माहितीपटांच्या महोत्सवाला शंख. राणीच्या बागेतले प्राणी संपत आले, आपण काय घ्यायचं? उंदीर सुचवला गेला. पण तो पहिल्या मजल्याचा असल्याने इतर मजल्यांनी हरकत घेतली. 'मोर मिळाला असता तर बरं झालं असतं,' असं सचिव पुटपुटले आणि मागून कुणीतरी म्हणालं, 'मोर गोव्याने नेला. आपली मोरी तरी कोण नेतंय?'

टाळ्या पडल्या. सुवर्ण मोरी!

ज्यांचा जन्म बाथरूममध्ये गेला त्यांच्यासाठी सांगतो. १९२०च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने, म्हणजे बीडीडीने, या चाळी बांधल्या. नायगावात ४२. एकेका चाळीत तळमजला धरून ४ मजले, ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. शौचालय मजल्यावर, सामाईक. खोलीच्या कोपऱ्यात मोरी. आंघोळ, भांडी, तांदूळ धुणं, बाळाला न्हाऊ घालणं आणि भांडण झाल्यावर तोंड धुण्याच्या निमित्ताने रडणं, हे सगळे विभाग त्या एका कोपऱ्यात दोरीवरच्या पडद्याआड चालतात. आमच्या आयुष्यातला पहिला पडदा तो. राज कपूर वगैरे नंतर.

मोरी ठरली तरी स्पर्धा हवीच का, अशी शंका निवृत्त मास्तरांनी काढली. मास्तरांना इतिहासाची खोड आहे. भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव आपल्याच मुंबईत झाला, २४ जानेवारी १९५२ला, न्यू एम्पायर थिएटरात. २३ देश होते आणि स्पर्धा नव्हती. लोकांनी 'बायसिकल थीव्हज' पाहिला, 'राशोमोन' पाहिला, मुकाट्याने घरी गेले. आणि पुढल्याच वर्षी 'बायसिकल थीव्हज'वरून प्रेरणा घेतलेला बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन' आला. स्पर्धा सुरू झाली १९६५ला, दिल्लीत, सत्यजित राय परीक्षकांचे अध्यक्ष असताना. पहिला सुवर्णमयूर श्रीलंकेच्या 'गम्पेरलिया'ला गेला. २००४पासून मोर गोव्यात स्थायिक झाला. इथे मुंबईत १९९७पासून चित्रपट महोत्सव भरवणारी 'मामी' आहे. तिनेही २०२५ साली महोत्सव भरवला नाही. मामीच घरी नसेल तर भाच्यांनी जेवायला जायचं कुठे, असं मास्तर म्हणाले आणि खाली बसले.

बक्षिसांचे विभाग पाडताना मात्र स्थानिक अभिमान जागा झाला. नायगावातून दहा-पंधरा मिनिटं चाललं की दादासाहेब फाळके रोड लागतो. त्याच रस्त्यावरच्या बंगल्यात फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' केला आणि ३ मे १९१३ला तो गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला. तारामतीला बाई मिळेना, म्हणून उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना साडी नेसवली. याच साळुंक्यांनी १९१७च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही केले. म्हणजे सर्वोत्कृष्ट अभिनेता आणि सर्वोत्कृष्ट अभिनेत्री या दोन बाहुल्या एकाच माणसाच्या हातात द्याव्या लागल्या असत्या. परीक्षकांचा चहाचा खर्च वाचला असता.

पोराने नमुना म्हणून एका मराठी चित्रपटाचं पोस्टर भिंतीला लावलं. मधे एक उदास चेहरा आणि भोवती पानांच्या जोड्याच जोड्या. खजिनदारांनी चष्मा वर केला. 'ही तमालपत्रं कसली रे?' पोराने समजावलं, काका, प्रत्येक जोडी म्हणजे एकेका महोत्सवाचा मान. खजिनदारांचा हिशेब पक्का आहे. ते म्हणाले, 'जितकं तमालपत्र जास्त तितका मसाला कमी, आणि तितके खेळ कमी. बरोबर?' पोरगा गप्प बसला. 'कोर्ट'ला व्हेनिसमध्ये २०१४ साली दोन पुरस्कार मिळाले, 'साबर बोंडं'ला २०२५मध्ये सनडान्सला जागतिक चित्रपटांच्या विभागात ज्युरींचा सर्वोच्च पुरस्कार. चाळीत दोन्हींचा अभिमान सगळ्यांना आहे. पाहिले कुणी, असं विचारल्यावर खजिनदार पोस्टरकडे बघू लागले आणि सचिव घड्याळाकडे.

पूर्वी असं नव्हतं. प्रभातच्या 'संत तुकाराम'ची व्हेनिसने १९३७ साली वाखाणणी केली आणि गिरगावच्या सेंट्रलमध्येही तो वर्षाहून जास्त चालला. वारकरी आणि इटालियन एकाच चित्रपटावर खूश. हा आमच्या मते त्या चित्रपटातला सर्वांत मोठा चमत्कार.

राहिलं सिंहावलोकन. महोत्सवात एखाद्याचे जुने चित्रपट ओळीने दाखवतात, त्याला तसं म्हणतात. त्यासाठी सत्कारमूर्ती लागते. तळमजल्यावरच्या आजोबांनी उभा जन्म थिएटरात अंधारात बॅटरी मारून लोकांना खुर्च्या दाखवल्या. त्यांचं नाव एकमताने पुढे आलं. 'मी एकही चित्रपट पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलेला नाही,' आजोबा म्हणाले. 'मी माणसं पाहिली.' बॅटरी अजून त्यांच्याकडे आहे, उशाखाली. दाखवायची जागा मात्र राहिलेली नाही. दादरचं चित्रा २०१९मध्ये बंद झालं. शेवटी 'स्टुडंट ऑफ द इयर २' लागला होता. हिंदमाता म्हटलं की आता पोरांना थिएटर आठवत नाही, गुडघाभर पाणी आठवतं. आजोबा म्हणाले, सिंह मागे वळून बघतो तो शिकार कुणी पळवली का ते पाहायला. यावर मास्तरांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं.

प्रवेशिकांची मुदत काल संपली. न्यू जर्सीचा बर्फ वितळला असावा. दुबईच्या भाच्याने अंगठा पाठवला, चित्रपट नाही. स्पर्धेत एकच फिल्म आली, तीही चाळीने आधी चाळीसदा पाहिलेली: आमच्या पुनर्विकासाची. संगणकावर केलेली, ४ मिनिटांची. आकाश निळं, झाडं एकाच उंचीची, लॉनवर सावली न पडणारी माणसं चालतात आणि एक गोरा मुलगा फुगा घेऊन धावतो. हा मुलगा कुठल्या खोलीतला, हे अजून कुणाला सांगता आलेलं नाही. घर ५०० चौरस फुटांचं. सोफ्यावर कुणी झोपलेलं नाही, दारात चप्पल नाही.

परीक्षक तिघं: मास्तर, पहिल्या मजल्यावरच्या वहिनी आणि आजोबा. हा माहितीपट मानायचा की काल्पनिक, इथेच ज्युरी फुटली. मास्तर म्हणाले, काल्पनिक. तारीख दाखवलेली नाही. वहिनी म्हणाल्या, वरळीच्या बीडीडीत लोकांना चाव्या मिळाल्या, ते काय काल्पनिक? आजोबांनी फिल्म तीनदा मागे घ्यायला लावली. स्वयंपाकघर आलं, काचेच्या दाराचं बाथरूम आलं, कपडे वाळत घालायचा कोपरा आला. मग ते उठले, पडद्याजवळ गेले आणि बॅटरी मारून शोधू लागले.

'काय हरवलं, आजोबा?'

'मोरी कुठाय?'

मोरी नव्हती. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग वहिनींनी निकाल दिला की सुवर्ण मोरी याच फिल्मला द्यावी; तिला एकटीलाच तिची गरज आहे.

खजिनदारांनी सोनेरी रंगाचा अर्ध्या लिटरचा डबा आणून ठेवला आहे, पावतीसकट. रंगवायची कुणाच्या खोलीतली, यावर पुढच्या रविवारी बैठक आहे.