आज किती फूट?

पोरगा परदेशी नोकरीला लागला, की त्याचं बिऱ्हाड 'लावून द्यायला' निघणारे आईवडील साताऱ्यात आता आळीआळीला सापडतात. नेमकं काय लावून द्यायचं, हे मुलाला ठाऊक नसतं आणि सुनेला कुणी विचारलेलं नसतं. आमचे आप्पा त्यातलेच. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त. पोरगा, सून आणि सात वर्षांचा नातू नुकतेच स्टॉकहोमला गेलेले. आप्पा निघाले ते नोव्हेंबरच्या अखेरीस.

"थंडीचं आम्हाला नका सांगू," पोवई नाक्यावर त्यांनी जाहीर केलं. "महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या जेट्टीवर दव गोठतं. फटफटीवर जाऊन बघून आलोय!"

काकूंचं माहेर सांगली. सांगलीच्या माणसाला थंडी कळत नाही, पाणी कळतं. त्यामुळे काकूंनी बॅगा भरल्या त्या पुराची तयारी करावी तशा. तासगावचे बेदाणे, भडंग, शेंगदाण्याची चटणी आणि वर्षाची हळद. आप्पांनी वर कंदी पेढे आणि घोंगडी कोंबली. विमानतळावर काटा पुढे गेला, तशी आप्पांनी घोंगडी उपसून खांद्यावर टाकली आणि मुंबईच्या घामात भिजत ते रुबाबात विमानात चढले.

पहिल्या दिवशी आप्पा सहाला उठून, तांब्या भरून, अर्घ्य द्यायला खिडकीशी उभे राहिले. सात वाजले, आठ वाजले, बाहेर काळोखच. साडेआठच्या सुमारास ढगाआड काहीतरी उजळलं आणि दुपारी तीनच्या आत मावळलंसुद्धा. "आमच्या शाळेत एक मास्तर होते असे," आप्पा म्हणाले. "सही करायची आणि पसार!"

काकूंनी तीनला देवापुढं दिवा लावला. नातू अजून शाळेतच होता. "पोरगं घरी यायच्या आधी दिवेलागण! कसला मुलूख म्हणायचा हा?"

मग कपड्यांचं प्रकरण. तिकडं म्हणतात, हवा वाईट नसते, कपडे वाईट असतात. आप्पांचे कपडे वाईट नव्हते, फक्त फार होते. गरम बंडी, दोन स्वेटर, कोट, माकडटोपी, वर घोंगडी. एवढं चढवायला वीस मिनिटं, आणि शेवटचा बूट घातला की हमखास लघवीला लागायची. बरं, दुकानात शिरावं तर आत उबारा. तिथं ते दारातच कांद्यासारखे सोलायला लागत आणि सून दुसऱ्या रांगेत जाऊन उभी राही.

इमारतीतली कपडे धुवायची खोली सगळ्या बिऱ्हाडांची, आधी नंबर लावून वापरायची. आप्पांना ते पटलं. "शिस्त आहे." काकू म्हणाल्या, "नळकोंडाळंच की! फक्त भांडण नाही." आणि भांडण नसल्यामुळे शेजारपाजार कळायला काही मार्गच उरला नाही, हे त्यांचं खरं दुःख.

शेवटी त्यांनी समोरच्या म्हातारबांच्या हातात पेढा ठेवला. म्हातारबांनी मान लववली आणि दार लावून घेतलं. चार दिवस काही नाही. तेरा डिसेंबरला, त्यांच्या लुसियाच्या सणाला, बेल वाजली. म्हातारबा पिवळेधमक गोड पाव घेऊन उभे. काकूंनी तुकडा मोडला, हुंगला. "हळद नव्हे, केशर आहे." आणि वाटी रिकामी परत देऊ नये म्हणून त्यांनी सांगलीची हळद भरून दिली. म्हातारबांनी तिचं पुढं काय केलं, ते देव जाणे. पण खिडकीतल्या कागदी चांदणीखालून ते रोज हात हलवू लागले. चांदणीकडं बोट दाखवून आप्पा म्हणत, "आकाशकंदील उतरवलेला नाही अजून. आपल्यासारखेच आळशी आहेत."

आणि मग एका रात्री बर्फ पडला. सकाळी काकूंनी पडदा सारला आणि सवयीनं विचारलं, "आज किती फूट?"

सांगलीत पावसाळ्यात माणूस माणसाला हेच विचारतो. आयर्विन पुलाशी 40 फुटांवर इशारा, 45 ला धोका. 2019 साली कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती. नातवाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो दप्तरातली पट्टी घेऊन खाली पळाला आणि खालूनच ओरडला, "अकरा सेंटीमीटर, आजी!"

"मग माळ्यावर काही चढवायला नको," काकू निश्चिंत झाल्या.

त्या दिवसापासून मोजणी रोजची झाली. आजी खिडकीत, नातू अंगणात. आयर्विन, इशारा, धोका, सगळं त्याला तोंडपाठ. पोराला तिथली भाषा येत नव्हती, मित्र नव्हते. पण पट्टी घेऊन बर्फात खुपसणाऱ्या या मुलाभोवती आधी एक, मग तीन पोरं जमली, आणि आपापल्या पट्ट्या घेऊन आली.

आप्पा-काकू परत आले. आप्पांना नाक्यावर विचारलं, "काय लावून दिलंत मग?" आप्पांनी डोकं खाजवलं. नळ तिकडं गळत नाहीत, पंखे नसतात, खिळा ठोकायलाही परवानगी लागते.

पुढं पावसाळ्यात एका रात्री फोन वाजला. नातू होता. "आजी, आयर्विनला किती फूट?"

"एकोणचाळीस, बाळा."

"म्हणजे इशाऱ्याला एकच राहिला. मामाआजोबांना सांग, गादी माळ्यावर टाका."

आप्पा शेजारून ऐकत होते. म्हणाले, "बिऱ्हाड लागलं."