उसाचं बिल नोव्हेंबरात, फी ऑगस्टात

“काकू, नातवाचा नंबर लागला का हो?” मी वईवरून विचारलं.

“लागला बी आणि न्हाई बी,” हातातली शेपूची जुडी खाली ठेवत काकू म्हणाल्या. “दाताच्या डॉक्टरला लागलाय. एमबीबीएसला वेटिंग. पोरगं म्हणतंय, पुढच्या राऊंडला वर सरकतो. आता फी भरायची का थांबायचं, तूच सांग. तुझ्या घरात सगळं हून गेलंय.”

“भरायची आणि थांबायचं, दोन्ही. सीट धरायची, पण तो स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म भरायचा नाही. तो भरला म्हणजे मला हीच सीट पुरे असं लिहून दिलं. पुढच्या राऊंडमधनं नाव गेलं. फॉर्म न देता प्रवेश घेतला तर बेटरमेंटला नाव राहतं.”

“मग काय, झालंच की.”

“ऐका तर. वरची लागली की खालची आपोआप जाते. मग ‘ते कॉलेज लांब आहे, मला दातच बरे’ म्हणता येत नाही. म्हणून पसंतीक्रम भरताना जिथं खरंच जायचंय आणि जिथली फी झेपणार आहे, तेवढीच कॉलेजं टाकायची. आपली पोरं यादी दिसली की सगळ्यावर टिचकी मारतात.”

काकू जरा गप्प झाल्या. नातवानं काय केलं असेल ते मला चेहऱ्यावरून कळलं.

“आणि दातवाल्याला भरलेली फी?”

“थोडी कापाकापी होऊन परत मिळते. पण आज नाही मिळत. नवं कॉलेज मात्र पैसे आजच मागतं. मधल्या दिवसांत दोन्हीकडचे पैसे आपल्याच खिशातले.”

आमच्या भांडगावात खरी गोची इथं होते. नीटची परीक्षा मे महिन्यात, निकाल जूनमध्ये, आणि मग प्रवेशाच्या फेऱ्या सुरू. २०२५ साली दिवाळी झाली तरी त्या चालूच होत्या. आपल्याकडचा पैसा मात्र उसाचा. कारखान्याचा बॉयलर पेटणार, टोळी येणार, ऊस तुटणार, मग बिल. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलंय की ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे. हे मी सांगितलं तर काकू इतक्या हसल्या की पलीकडचं कुत्रं भुंकायला लागलं.

“गुऱ्हाळवाला रोख देतो की,” त्या म्हणाल्या. खरंय, यवत-केडगावच्या पट्ट्यात गुऱ्हाळांचा धूर कुठं ना कुठं दिसतोच. पण ऑगस्टात कोवळा ऊस तोडून द्यायचा म्हणजे वजनही कमी आणि भावही कमी. एका वर्षाची फी निघेल, पुढची साडेतीन कुठनं काढायची?

“मग आमचं हे म्हणत्यात, सातबारा घेऊन बँकेत जाऊ. हायवेला एकर हाय. कोटीत मागत्यात लोकं.”

“साहेब चहा पाजेल आणि सातबारा परत देईल.”

“का म्हनून?”

आमच्या ह्यांनी पतसंस्थेत हयात घालवली, तेव्हा एवढं मला पाठ आहे. शैक्षणिक कर्ज चार लाखांपर्यंत बिनतारण. चार ते साडेसात लाखांना साधारण जामीनदार लागतो. त्याच्या वर गेलं की बँक तारण मागते. आणि कर्ज थकलं तर बँकेला कोर्टात न जाता मालमत्ता विकता येते तो जो २००२ चा कायदा आहे, त्यातनं शेतजमीन वगळलेली आहे. शेतकऱ्याची जमीन सहजी जाऊ नये म्हणून ती सोय, चांगलीच आहे. पण म्हणूनच कोटीचा एकर बँकेला नको असतो. तिला बिनशेती प्लॉट हवा, नाहीतर घर.

“घर हाय की, गावठाणात. आठ अ काढू.”

“त्यावर सगळ्या बँका मानत नाहीत. प्रॉपर्टी कार्ड झालंय का ते बघा. पुरंदरच्या सोनोरीत ड्रोननं गावठाण मोजलं ना, तेच पुढं स्वामित्व योजनेत सगळीकडं आलं. कार्ड हातात असलं तर निम्मं काम झालं.”

मग मी त्यांना पीएम विद्यालक्ष्मी सांगितली. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं मंजूर केली. तिच्या यादीतल्या संस्थेत गुणवत्तेवर प्रवेश मिळाला तर तारणही नाही, जामीनदारही नाही. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजाची सवलत. पण आधी आपलं कॉलेज त्या यादीत आहे का ते बघायचं. आणि कर्ज त्या कॉलेजच्या नावानं मंजूर होतं. उद्या राऊंडला कॉलेज बदललं की कागद पुन्हा पहिल्यापासून. बँक पंधरा दिवस ते महिना घेते, कॉलेज मोजके दिवस देतं. त्या फटीत सावकार बसलेला असतो, शेकडा पाच लावून.

“शेकडा पाच म्हंजे वर्षाला साठ,” काकूंनी बोटावर हिशेब केला. शाळा चौथीपर्यंत, पण व्याज तोंडपाठ.

“पोरगी असती तर एवढं लागलं नसतं,” मी म्हटलं. “जुलै २०२४ पासून आठ लाखांच्या आतल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएसच्या मुलींना कॅपमधनं, म्हणजे ह्या सरकारी फेऱ्यांतनं, प्रवेश घेतला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. हॉस्टेल, मेस आपलं. मुलांना राजर्षी शाहू योजनेतनं काही हिस्सा मिळतो.”

“आगं, हा झाला तवा आम्ही गावभर पेढे वाटलं!”

तेवढ्यात काकूंनी आवाज खाली आणला. चौफुल्याला एकजण भेटलाय म्हणे. मॅनेजमेंट कोट्यातनं करून देतो, निम्मे आत्ता द्या, निम्मे प्रवेशाला. काकांचा जीव तिथं अडकलाय, एकर विकू म्हणतात.

इथं मात्र मी गप्प बसले नाही. खासगी कॉलेजात तो कोटा असतो, पण त्याचीसुद्धा फेरी असते, नीटच्या गुणांवर यादी लागते आणि फी कॅपच्या कितीतरी पट. मधल्या माणसाला त्यात काही करता येत नाही, त्याला फक्त तुमचे पैसे घेता येतात. शिवाय त्या कोट्याला शिष्यवृत्ती नाही, विद्यालक्ष्मीची सवलत नाही. २२ लाखांहून जास्त पोरं नीट देतात आणि देशात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. अशा गर्दीत दलाल निघणारच.

“आणि सरकारी लागलं तर?”

“तर लॉटरीच. ससूनचं बी. जे. आहे, बारामतीला २०१९ पासून सरकारी कॉलेज आहे, शंभर जागांचं. फी वर्षाला दीड लाखाच्या आसपास. बदल्यात एक वर्ष सरकारी दवाखान्यात काम, नाहीतर दहा लाख भरायचे. काम केलेलं बरं.”

“हप्ता कधी सुरू व्हतो कर्जाचा?”

“शिक्षण संपल्यावर साधारण वर्षानं. पण व्याजाचं मीटर पहिल्या दिवसापासून. उसाचं बिल आलं की वर्षाचं व्याज भरून टाका, मुद्दल फुगत नाही.”

काकूंनी शेपूची जुडी उचलली. माझं मत म्हणाल तर एकर विकू नये, दातांची सीट धरून ठेवावी, वरची नाही लागली तर दातांचा डॉक्टर काही वाईट नसतो. दौंड तालुक्यात दात दुखणारे कमी आहेत का?

आणि ज्यांच्या घरात यंदा बारावी सायन्सचं पोर आहे त्यांना एवढंच सांगणं, की उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर आणि घराचं प्रॉपर्टी कार्ड निकालाच्या आधी काढून ठेवा आणि जूनमध्येच बँकेत एक चक्कर मारा. ऑगस्टात सेतूसमोर रांग लागते.