आरोपी पाहिजेत!

आमच्या अमेरिकेतल्या गावच्या हौशी नाट्यमंडळाने यंदा ‘जजमेंट ॲट न्यूरेंबर्ग’ करायला घेतलंय. शनिवारी चर्चच्या तळघरात नटांची निवड होती. कॉफी फुकट होती, म्हणून मीही गेलो.

विषय भारदस्त. हिटलरच्या राजवटीत कायद्याची पुस्तकं उघडून माणसं संपवणाऱ्या १६ न्यायाधीश-अधिकाऱ्यांवर १९४७ साली आरोपपत्र ठेवलं गेलं. त्या खटल्यावर ॲबी मान यांनी हे लिहिलं.

फॉर्मवर रकाना होता : ‘कोणती भूमिका हवी?’ दंतवैद्यांना न्यायाधीश व्हायचं होतं. निवृत्त मुख्याध्यापकांनाही न्यायाधीशच. विमा विकणाऱ्या पोराला आरोपींचा वकील हवा, कारण १९६१च्या सिनेमात त्याच भूमिकेने मॅक्सिमिलियन शेलला ऑस्कर मिळवून दिलं. आरोपीपुढे मात्र एकाचीही खूण नाही. अख्ख्या गावात दोषी माणूस सापडेना!

दिग्दर्शिकाबाईंनी समजूत घातली, “घाबरता काय? दहा जण दोषी ठरले, चौघांना जन्मठेप झाली. दहाएक वर्षांत एकूण एक बाहेर!” तरी कोणी हलेना. शेवटी त्यांनी हाताला धरून तिघांना बाकावर बसवलं.

“मला बायकोने पाठवलं हो,” पहिला कळवळला.

“मी फक्त गाडी चालवली,” दुसरा म्हणाला.

“सगळेच येत होते, म्हणून आलो,” तिसरा.

बाईंनी टाळ्या वाजवल्या. “अगदी अस्संच म्हणायचं!” संहिता अजून वाटायचीच होती.

मग प्रायोजकाची गोष्ट निघाली. १९५९मध्ये हे नाटक पहिल्यांदा टीव्हीवर झालं, तेव्हा पैसे गॅसवाल्यांच्या संघटनेचे होते. छळछावण्यांच्या उल्लेखातला ‘गॅस’ हा शब्दच प्रक्षेपणातून पुसला गेला. माणसं कशाने मेली ते कळलं नाही तरी चालेल, शेगड्या खपल्या पाहिजेत! आमचे खजिनदार गंभीर झाले. म्हणाले, “आपल्यालाही एखादा शब्द गाळायचा असेल तर गाळा. माझं काय, मी फक्त हिशेब बघतो.”

बाईंनी त्यांना चौथ्या खुर्चीवर बसवायचं ठरवलं होतं. पण हिशेब कोण बघणार? खुर्ची माझ्याकडे आली.

“संवाद?” मी विचारलं.

“जेमतेम. बाकी वेळ समोर चाललेलं सगळं बघायचं, ऐकायचं आणि गप्प बसायचं. जमेल?”

म्हटलं, “बाई, मी तालमीला नाही आलो तरी चालेल.”