हातोडा सगळ्यात शेवटी

जुनी बुलेट निळा धूर सोडायला लागली की माणसाला एकाएकी हितचिंतक लाभतात. दूधवाला, वॉचमन, वरच्या मजल्यावरचे निवृत्त काका, सगळ्यांचं निदान एकच: "बोअर गेला!" त्यावर दोन मिनिटं थांबून हळहळण्याचीही पद्धत आहे.

पण धुराच्याही तऱ्हा असतात. चढावर इंजिन ओढत असताना सतत धूर येत असेल तर खुशाल रिंगांवर संशय घ्यावा. आंबा घाट मूठ सोडून उतरलात आणि खाली साखरप्याला मूठ पिळताच मागे निळा ढग उठला, तर तो बहुधा इनलेट व्हॉल्व्हच्या गाईडचा प्रताप. मूठ सोडलेली असताना इंजिन जोरात हवा ओढू पाहतं. ती मिळत नाही, मग झिजलेल्या गाईडमधून तेलच आत ओढलं जातं.

गाईड म्हणजे इंजिनाच्या हेडमध्ये घट्ट बसवलेली बोटाएवढी बिडाची नळी. तिच्यातून व्हॉल्व्हचा दांडा खालीवर करतो. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर १,५०० वेळा. वरून रॉकर दर वेळी दांड्याला किंचित आडवा रेटतो, त्यामुळे गोल भोक हळूहळू लांबट होतं.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मिस्त्रींपुढे हेड ठेवलं, तेव्हा माझी नजर हातोड्यावर होती.

"हातोडा सगळ्यात शेवटी, साहेब," ते म्हणाले. "आधी तापवायचं. दमानं घ्या."

हेड ॲल्युमिनियमचं. तापवलं की ते बिडाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. तरी हिशेब किती बारीक! १५ मिलिमीटरचं भोक १०० अंशांनी तापवलं, तर ते वाढतं साडेतीन शतांश मिलिमीटर, म्हणजे केसाच्या निम्म्याइतकं. थंड हेडमधून गाईड ठोकून काढलं तर ते भोक ओरबाडत बाहेर येतं, आणि मग नवीन गाईड तिथे घट्ट बसत नाही. मिस्त्रींनी तापलेल्या हेडवर पाण्याचा थेंब टाकला. तो नाचत उडाला, तेव्हा कुठे पायरीचा ड्रिफ्ट लावून जुनं गाईड बाहेर काढलं.

नवीन गाईड मात्र गार हवं, म्हणजे ते आक्रसतं. म्हणून आदल्या रात्री पिशवीत गुंडाळून ती जोडी आमच्या फ्रीजरमध्ये, खवलेल्या नारळाशेजारी ठेवली होती. आईनं पिशवी बाहेरूनच चाचपली. "मटण कधी आणलंस? नुसत्या नळ्याच दिसतायत."

बाहेरून इतकं घट्ट बसलेलं गाईड आतून मात्र मोजून सैल ठेवावं लागतं. बसताना ते दाबलं जाऊन आतलं भोक बारीक होतं, म्हणून मागाहून रीमर फिरवायचा. एक्झॉस्टला मोकळीक थोडी जास्त, कारण तो दांडा अधिक तापून फुगतो. जागा कमी पडली तर अडकून बसतो. इतका नेमका सैलपणा कुणी मोजून दिलेला मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. आमच्या शिंप्यालाही तो कधी जमला नाही.

इथे काम संपलं असं वाटतं, पण नव्या गाईडचा मध्य जुन्याच्या जागी तंतोतंत येत नाही. त्यामुळे व्हॉल्व्हची सीट पुन्हा कापावी लागते, तीही गाईडमध्येच पायलट घालून. मग ग्राइंडिंग पेस्ट. लाकडी दांड्याची रबरी टोपी व्हॉल्व्हला चिकटवून मिस्त्री तो दोन्ही तळव्यांत रवीसारखा घुसळू लागले. मधूनच उचलून, पाव फेरा वळवून, पुन्हा. खरखर मऊ होत गेली. पुसून पाहिलं, तर काठावर राखाडी, बिनचकाकीचं कडं उमटलं होतं. ते सगळीकडे सारख्याच रुंदीचं हवं.

स्प्रिंगा चढवल्या आणि पोर्टमध्ये रॉकेल ओतलं. इनलेट कोरडा ठणठणीत. एक्झॉस्टच्या कडेला मात्र नखाएवढी ओल दिसली. मी म्हणालो, "एवढं चालतंय की!"

मिस्त्रींनी उत्तर न देता स्प्रिंग उतरवली आणि पेस्टची डबी पुन्हा उघडली. मी आणखी दोन चहा सांगितले.