सोडियमचा दिवा लागतो का?

मुलीला मेडिकलला प्रवेश मिळाला तर लोक पेढे मागतात, इंजिनिअरिंगला मिळाला तर ब्रँच विचारतात. फिजिक्स घेतलं म्हटलं की चहा संपेपर्यंत गप्प बसतात, मग कपबशी खाली ठेवून हळूच विचारतात, "सीईटीत काय झालं?" आमच्या मुक्ताला सीईटीत चांगले मार्क होते. हे सांगितलं की पाहुण्यांना जास्तच वाईट वाटतं. म्हणजे पोरीनं हे शुद्धीवर असताना केलंय!

"नारळीकर होणार म्हणा की!" शेजारचे अण्णा म्हणाले. कौतुक होतं की टोमणा, सांगलीत हे लगेच कळत नाही. नारळीकर जन्मले इथून जवळच, कोल्हापुरात, हे खरं. पण शिकले बनारसला, कारण वडील तिथल्या हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. मुक्ताचे वडील, म्हणजे मी, बँकेत, कर्ज विभागात. त्यामुळे आमच्या घरी विश्वाची उत्पत्ती नंतर, आधी हप्ता.

मुक्ताची स्वतःची यादी तयार होती. सर्वांत वर आयसर, म्हणजे विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची संस्था, तिथली पाच वर्षांची बीएस-एमएस. पुण्यातली पाषाणला आहे, २००६ साली सुरू झालेली. भुवनेश्वरची नायसर आणि मुंबईत कलिन्याचं अणुऊर्जा खात्याचं केंद्र, या दोघांची मिळून 'नेस्ट' नावाची परीक्षा. आयसरची वेगळी. आयसरच्या याद्या लागल्या तेव्हा पुणं कधीच हाताबाहेर गेलं होतं. आशा होती ती तिरुपतीच्या आयसरची. तोवर फिजिक्सला ठाम विरोध करणारी माझी आई एकदम मवाळ झाली. "तिरुपतीला असेल तर जाऊ दे की. तिला सोडायला-आणायला मी जात जाईन." शेवटच्या फेरीत तिरुपतीही हुकलं. मुक्ता तासाभरात सावरली, आईला आठवडा लागला.

मग मेहुण्यानं सूत्रं हातात घेतली. तो पुण्यात आयटीत आहे. "दाजी, पैशाकडं बघू नका. ब्रँड बघा." पैसे माझे असल्यामुळं त्याला त्यांच्याकडं न बघणं सोपं जात होतं. तो आम्हाला एका खासगी विद्यापीठात घेऊन गेला. काचेचं दार, गार हवा, यंत्रातली कॉफी आणि टाय लावलेला समुपदेशक. त्यानं वीस मिनिटं प्लेसमेंट सांगितली, मग फी सांगितली आणि माझा चेहरा बघून लगेच कर्जाच्या हप्त्यांचा तक्ता पुढं सरकवला. हाच तक्ता मी रोज दहा ते पाच लोकांपुढं सरकवतो. लॅब दाखवा म्हटलं तर दाखवली. उपकरणं अंबाल्याहून आली त्या दिवशीच्या प्लॅस्टिकमध्येच होती. "सध्या आम्ही सिम्युलेशनवर भर देतो," तो म्हणाला. फाटकावर नॅक मानांकनाचा मोठा फलक: ए प्लस. चारपैकी ३.२६ झाले की ए प्लस मिळतो, असं मुक्तानं सांगितलं. सौ.नं मनातल्या मनात हिशेब केला. "म्हणजे साडेएक्याऐंशी टक्के. तिला एवढे पडले असते तर तुम्ही दोन दिवस बोलला नसता तिच्याशी."

खरा सल्ला मिळाला तो एका निवृत्त लॅब असिस्टंटकडून. बँकेत पेन्शनचा दाखला द्यायला आले होते. "साहेब, प्राचार्यांना भेटू नका. मुलांची जर्नलं मागा. न्यूटन रिंग्जचा प्रयोग काढा. सगळ्यांचं उत्तर ५८९३ आलं असेल तर तिथून उठा." सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी पुस्तकात ५८९३ अँगस्ट्रॉम दिलेली असते. उत्तर आधी लिहायचं आणि त्यावरून रीडिंगं मागं मागं बेतत आणायची, हा मराठी विज्ञान शाखेचा जुना कुटिरोद्योग आहे. माझ्या बारावीत आमच्या अख्ख्या बॅचच्या लंबकांनी गुरुत्वाकर्षणाचा 'जी' बरोबर ९.८ दिला होता. त्यातला एक लंबक तर पंख्याच्या वाऱ्यात हलत होता.

म्हणून पुण्यातल्या एका जुन्या अनुदानित कॉलेजात गेलो ते थेट लॅबमध्ये. इथलं अर्थशास्त्र मला पटलं. फिजिक्सच्या कायम प्राध्यापकांचा पगार सरकार देतं, म्हणून फी काही हजारांत. त्याच इमारतीत कॉम्प्युटर सायन्सची तुकडी विनाअनुदानित, तिची फी कितीतरी पट. दोघांचे पंखे मात्र सारखेच कुरकुरतात. "कायम किती आणि सीएचबीवर किती?" मी बँकेच्या आवाजात विचारलं. विभागप्रमुख बाईंनी खरा आकडा सांगितला आणि सुस्कारा टाकला. तासिका तत्त्वावरचे जास्त होते. हे दुखणं सगळीकडं आहे, पण लपवलं नाही, हे मला आवडलं.

जर्नलं आली. ५८७१. ६०१२. एका पठ्ठ्याचं ६२४०, खाली लाल शाईत 'पुन्हा करणे'. माझा जीव भांड्यात पडला.

लॅबच्या काकांनी काळा पडदा ओढून दिवा लावला. सोडियमचा दिवा लावल्या लावल्या गुलाबी दिसतो. पिवळा व्हायला काही मिनिटं घेतो. पिवळा झाला आणि सौ.ची डाळिंबी पैठणी एकदम काळपट पडली. "अगंबाई, रंग गेला की काय!" ती पदर चोळायला लागली. "नाही वैनी, साडी पक्की आहे," काका म्हणाले, "उजेडातच दुसरा रंग नाही." मुक्ता तोवर मायक्रोस्कोपला डोळा लावून ओठांतल्या ओठांत काळी कडी मोजत होती. स्क्रू जरा मागं फिरला तसे काका ओरडले, "एकाच दिशेनं! उलटा फिरवलास की बॅकलॅश आलाच. पहिल्यापासून मोज." अजून प्रवेशही झाला नव्हता आणि पोरगी ओरडा खात होती. तिनं पहिल्यापासून मोजलं.

फी भरली. बारावीला बोर्डात वरच्या एक टक्क्यात असेल त्याला केंद्राची 'इन्स्पायर' शिष्यवृत्ती असते, वर्षाला ८० हजारांची. त्यातले ६० हजार हातात आणि २० हजार उन्हाळी संशोधनासाठी. हे कळल्यावर मेहुणा पहिल्यांदा गप्प झाला. मुक्ता टक्क्याच्या आत आहे की काठावर, ते कळायचंय. पण खरा खर्च फीचा नाहीच, तो कॉट बेसिसचा. पेठेतल्या खोलीचं डिपॉझिट वर्षाच्या फीपेक्षा जास्त निघालं, मेस वेगळी.

घरमालकीणबाईंनी नियम वाचून दाखवले. दहाला दार बंद. पाहुणे नाहीत. गच्चीवर पापड असतात, संध्याकाळी सहानंतर कुलूप.

"काकू, तारे सहानंतरच निघतात हो," मुक्ता म्हणाली.

बाईंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. बराच विचार केला.

"महिन्यातून एकदा किल्ली देईन. पण पौर्णिमेला नाही, तेव्हा आम्ही बसतो वर. अमावास्येला घ्यायची तर घे. अंधार असतो, आधीच सांगते."

मुक्तानं मान खाली घालून, नाइलाज असल्यासारखं, "चालेल" म्हटलं. बाईंनी माझ्याकडं बघून डिपॉझिटची पावती फाडली.